बात्स ताश कुटुंबाची बाकी

आमच्या गावात आडनावं मोजून सहा. बात्स, ताश, त्सुल, काशाह, गार्सिया आणि तोक. बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून कुणी "ए बात्स!" अशी हाक मारली, तर निम्मा बाजार मान वळवतो आणि उरलेला निम्मा हसतो. त्यात प्रत्येक पोराला दोन आडनावं, आधी बापाचं, मग आईचं. सहाला सहाने गुणा. छत्तीस जोड्या होतात. आमच्या शाळेत मुलं तीनशे बारा.

हे गणित दुसरीतलं पोरगं करेल. मी जानेवारीत केलं नाही. त्यातून काय झालं ते लिहिते आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

मी ओडिलिया त्सुल. अठरा वर्षं शाळेच्या फीच्या खिडकीमागे बसते, सगळे मला सेन्यो म्हणतात, म्हणजे बाई. इतकी वर्षं माझ्याकडे वही होती. वहीत मी आडनावं लिहायचेच नाही, काय उपयोग? "भट्टीवालीची डेल्फिना", "बसवाल्याचा ब्रँडन", "विहिरीजवळच्या शिंप्याची जुळी" असं लिहायचे. प्रत्येक पोराला एक पान. लोक कधी भरायचे, कधी नाही. जुलैचा बोनस हातात आला की रांग लागायची आणि सहा महिन्यांची थकबाकी एका सकाळी साफ व्हायची. मका पिकायला वेळ लागतो, तसे पैसे यायला वेळ लागतो. वहीला ते माहीत होतं.

मग आमच्या लिकना सॉफ्टवेअरचा झटका आला. लिक म्हणजे शाळेचे मालक, ओव्हिडिओ बारिओस. वकिलीची पदवी आहे, म्हणून सगळं गाव त्यांना लिक म्हणतं, बायकोसुद्धा. राजधानीतून एक टोकदार बुटांचा माणूस आला, त्याने माझी वही दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली आणि माझ्यापुढे स्क्रीन सरकवली.

"सेन्यो, मशीनला आधी नियम सांगायचे. बाकी कशी मोजायची ते. एकदा सांगितलं की मग ते स्वतःच मोजतं. फी कधीपर्यंत?"

"पाच तारखेपर्यंत," मी म्हटलं. "पण जुलैपर्यंत आम्ही कुणाला..."

"पाच तारीख," लिक म्हणाले. "सहा तारखेला पन्नास केत्साल दंड. प्रत्येक महिन्याला, प्रत्येक पोराला."

"पैसे आले की आधी कुठे वळवायचे?" बूटवाल्याने विचारलं.

"आधी दंडात. मग सगळ्यात जुन्या बाकीत."

"भावंडांचा हिशोब वेगळा की एकत्र?"

"एकत्र!" लिकना हा प्रश्न फार आवडला. "एकाचे थकले तर घरातल्या सगळ्यांची परीक्षा अडली पाहिजे. बापाला घाम फुटतो."

"मग भावंडं ओळखायची कशी? पालकाच्या ओळखपत्राचा नंबर टाका, नाहीतर ज्यांची दोन्ही आडनावं सारखी ती भावंडं. राजधानीत सगळे आडनावांवरच करतात."

तीनशे बारा नंबर. निम्म्या फायलींमध्ये ओळखपत्राची प्रतच नव्हती. शाळा तीन दिवसांत उघडणार होती आणि माझी मान आधीच धरली होती. मी म्हटलं, आडनावांवर करा. माउस माझ्या हातात होता. टिक मी केली.

निघताना तो माणूस म्हणाला, "एक सांगतो, वर्ष चालू असताना हा नियम बदलू नका. बदलला तर जानेवारीपासून सगळ्यांची बाकी नव्याने मोजली जाते आणि प्रत्येक पालकाच्या फोनवर नवा हिशोब आपोआप जातो. कुणाचे पैसे कुठे लागले होते, आता कुठे लागले, सगळं. खाली बदलणाऱ्याचं नाव."

"आम्ही कशाला बदलू?" लिक म्हणाले.

त्रान्सितोबाई ताश दर महिन्याला तीन तारखेच्या आत यायच्या. शेका, म्हणजे बडीशेप घातलेले गोड पाव, भाजतात. चर्चच्या मागच्या बोळात त्यांची मातीची भट्टी आहे, पहाटे तिथून गेलं की बडीशेप आणि लाकडाच्या धुराचा वास येतो. नवरा कमवायला उत्तरेला गेला तो गेला, सात वर्षं ना पैसा ना फोन. मुलगी एकच, डेल्फिना बात्स ताश. शेवटच्या वर्षाला, हिशोबनिसाच्या कोर्सला.

त्रान्सितोबाई पैसे मोजून द्यायच्या, वर चार शेका कागदात बांधून. "राहू दे हो," मी म्हणायचे. "खा गं सेन्यो, वाळलीस. कॉफीत बुडवून खा," त्या म्हणायच्या आणि तिथेच खोकायच्या. तो खोकला धुराचा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने सांगितलं होतं, आणखी दोन वर्षं भट्टीपुढे बसलात तर पुढची दोन वर्षं खाटेवर. पावती मी दिली की त्या ती घडी करून दुधाच्या पावडरीच्या पिवळ्या डब्यात ठेवायच्या. वाचता येत नाही, पण आकडा ओळखतात. चारशे म्हणजे चार आणि दोन शून्यं. तेवढं बघून डबा बंद.

पावतीवर मुलीचं नाव नसायचं. "बात्स ताश कुटुंब" एवढंच छापलेलं असायचं.

मे महिन्यात त्यांची नोंद करताना स्क्रीनवर त्या कुटुंबाची यादी माझ्यापुढे उघडली. ब्रँडन. क्रिस्तियान. डेल्फिना. एडगर. चार नावं, पहिलं ब्रँडन. मी बघितलं. खोटं कशाला बोलू, मी बघितलं. खिडकीपुढे अकरा माणसं होती आणि मागे कुणाचं तरी तान्हं रडत होतं. नंतर बघू, म्हटलं. मार्चमध्ये मंत्रालयाच्या यादीसाठी सगळ्या पालकांचे ओळखपत्राचे नंबर माझ्या हाताने भरून झाले होते, म्हणजे नियम बदलता आला असता. लिकना एकदा विचारलंही. ते म्हणाले, "वसुली कधी नव्हे इतकी चांगली आहे. चालत्या घोड्याला चाबूक मारू नकोस." मी पुन्हा विचारलं नाही. माझा आळस आणि त्यांचा फायदा, दोघांचं छान जमलं.

बाकी वाढत होती. दर सहा तारखेला सकाळी मशीन स्वतःच सुरू झाल्यासारखं घरघरायचं आणि दंड लावून मोकळं व्हायचं. कुणी बघत नव्हतं. कुणी बघायचं कारणच नव्हतं, कारण परीक्षा अडवायची ती शेवटचीच, असं लिकनी ठरवलं होतं. ऑक्टोबरपर्यंत ते आत फुगत राहिलं, भिंतीत पाणी मुरावं तसं.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी निरंक चिठ्ठ्या छापल्या. ज्याची बाकी निरंक, त्याला चिठ्ठी. चिठ्ठीवर चौकटीचा कोड. तो दारावर तपासल्याशिवाय सोमवारच्या परीक्षेला कुणी बसणार नाही. पूर्वी मी शिक्का मारून द्यायचे. तो शिक्का लिकनी कपाटात टाकून कुलूप लावलं होतं.

मधल्या सुट्टीत डेल्फिना खिडकीशी आली.

"सेन्यो, माझी चिठ्ठी नाही आली."

"प्रिंटरमध्ये अडकली असेल, थांब."

नाव टाकलं. स्क्रीन लाल झाली. तेरा हजार नऊशे पन्नास.

मी तो आकडा तिला दाखवला, कारण लपवायचा कसा ते सुचलं नाही. ती हसली. खरोखर हसली. "तेरा हजार? अहो, मला, आईला आणि भट्टीला एका दोरीने बांधून बाजारात नेलं तरी कुणी एवढे देणार नाही!"

"चूक असेल काहीतरी."

"असणारच. मला सगळा हिशोब छापून द्या, सेन्यो. जानेवारीपासून."

ती बाकावर बसली, वेणीत खोचलेली पेन्सिल काढली. वीस मिनिटं. घंटा झाली तरी उठली नाही. मग कागद घेऊन परत आली तेव्हा चेहऱ्यावरचं हसू पुसलं होतं.

"हे बघा. जानेवारीत आईने चारशे भरले, तीन तारखेला. ते ब्रँडनच्या नावावर लागले. अक्षराच्या क्रमाने तो पहिला, म्हणून. फेब्रुवारीत चारशे भरले. त्यातले दीडशे दंडात गेले. पन्नास-पन्नासचे तीन दंड. एका मुलीला एका महिन्याचे तीन दंड कसे लागतील? उरलेले अडीचशे क्रिस्तियानच्या जानेवारीत. मग मार्चमध्ये चार दंड, दोनशे गेले..." तिने पेन्सिल खाली ठेवली. "चौघांची दहा महिन्यांची फी सोळा हजार. दंड एकोणीसशे पन्नास. त्यातून आईचे चार हजार वजा. तेरा हजार नऊशे पन्नास. मशीनची बेरीज बरोबर आहे, सेन्यो. चार हजार आईशिवाय कुणी भरलेलेच नाहीत. वर्षभरात एकानेही नाही. ह्यातला ब्रँडन म्हणजे बसवाल्याचा ना?"

दुसरा ब्रँडन गावात नाही. रिगोबेर्तोशेठ बात्सचा थोरला. पाच बसगाड्या, तीन मुलगे, शेठाणी ताशांच्या घरातली. मुलगा शाळेत येतो तो सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर. माझी आडनावांची टिक. भट्टीवाली आणि बसवाला एका घरात.

"पतपेढीत मला पंधरा नोव्हेंबरला हजर व्हायचंय," डेल्फिना म्हणाली. "कोर्स पास झाल्याचा कागद असेल तरच. ते थांबणार नाहीत, मागे सोळा जण उभे आहेत. मी लागले की आईची भट्टी बंद, असं ठरलंय आमचं."

"मी बघते."

"मे महिन्यातही तुम्ही आईला असंच म्हणाला होता. 'बघते' म्हणून. आई म्हणाली, सेन्योचा चेहरा एकदम उतरला होता."

मी तिचा कागद उचलला आणि लिकच्या खोलीकडे निघाले.

लिकच्या खोलीत बँडचे चषक मांडलेले आहेत, पंधरा सप्टेंबरच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे. त्यांच्यामागे बसून ते आंबा खात होते. मी कागद पुढे ठेवला. डेल्फिनाच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या त्यावर. त्यांनी तो वाचलाही नाही. ज्याला धक्का बसायला हवा तो माणूस शांतपणे कोय चोखत होता.

"जुलैतच कळलं मला," ते म्हणाले. "रिगोबेर्तोने सांगितलं, जेवताना. दर महिन्याला त्याच्या फोनवर येतं म्हणे, 'आपले चारशे केत्साल मिळाले, आभारी आहोत.' म्हणाला, लिक, तुमचं मशीन फार मायाळू आहे. आमच्या सासूपेक्षा!" आणि हसले.

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"मग काय ताट फेकू? मिरवणुकीला बस कोण देतो? मागची जमीन कुणाची? त्याच्या पोरांची बाकी मी उघड मागू शकत नाही. बाकी अर्धवट का होईना, भरली जातेय. भरतंय कोण, ते मशीनला ठाऊक."

"सोमवारी परीक्षा आहे. दुरुस्त करू द्या."

"नोव्हेंबरमध्ये."

"नोव्हेंबरमध्ये करून काय मुलगी मागे जाऊन परीक्षा देणार?"

"त्याचीही सोय केलीय." त्यांनी हात पुसले. "त्या बाईकडून कागद करून घे. तेरा हजार नऊशे पन्नासची उसनवारी, भट्टीची जागा तारण. कागद झाला की चिठ्ठी मिळेल. पोरगी परीक्षा देईल. सगळे खूश."

"ती देणं लागत नाही, लिक."

"मशीन म्हणतं लागते." त्यांनी त्यांची स्क्रीन माझ्याकडे फिरवली. नोंदवही होती, मशीनची. *भावंडांचा नियम: दोन आडनावे. बदल करणार: ओडिलिया त्सुल. दोन जानेवारी.* "ह्यात माझं नाव दिसतंय तुला? मला नाही दिसत. चाळीस घरांचे पैसे इकडचे तिकडे केले ते खिडकीतल्या बाईने, असं मी सांगितलं तर गाव कुणाकडे बघेल?"

"चाळीस?" मी म्हटलं.

त्यांनी जीभ चावली. मग आंब्याची दुसरी फोड उचलली. "कंपनीला कळवलंय. तुझे नियम बदलायचे अधिकार काढायला सांगितलेत. राजधानीतलं ऑफिस सुट्टीमुळे आता थेट सोमवारी नऊला उघडतं, तोवर कशाला हात लावू नकोस. जा, कागद टाइप कर."

मी खिडकीत येऊन मोजलं. चाळीस नव्हेत, एक्केचाळीस. एक्केचाळीस घरं भलत्याच घराची फी भरत होती. कुठे धोबीण दुकानदाराची, कुठे दुकानदार आपल्याच चुलतभावाची. सगळे रांगेत उभे राहून, माझ्या हातात पैसे ठेवून, "देव बरं करो, सेन्यो" म्हणून गेलेले.

शुक्रवारी लिकनी त्रान्सितोबाईंना निरोप धाडला. त्या धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी खिडकीशी आल्या. मी टाइप केलेला कागद काचेखालून सरकवला नाही. आधी सांगितलं.

"त्रान्सितोबाई, तुम्ही शाळेचं काही देणं लागत नाही. एक पै नाही. चूक आमची आहे."

"मग पोरीची चिठ्ठी दे."

"ती... मशीन देत नाही."

"मग लागतेच ना मी," त्या म्हणाल्या. जराही राग नाही. "माझ्या आयुष्यात कागदाने 'नाही' म्हटलेलं माणसाने 'हो' केलेलं मी एकदाही बघितलं नाही. अंगठा कुठे लावायचा?"

"त्यात तुमची भट्टीची जागा लिहिलीय."

"भट्टी बंदच करायची आहे."

"आणि घर? ते त्याच जागेवर आहे."

त्या खोकल्या. "डेल्फिनाला सांगू नकोस हं. ती लावू द्यायची नाही. फार ताठ आहे, बापावर गेलीय. सोमवारी जागेचा कागद घेऊन येते. सातला? आठला पेपर आहे ना तिचा?"

"आठला."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि कागदात बांधलेल्या चार शेका खिडकीत ठेवून गेल्या. त्या मी खाल्ल्या नाहीत. फेकल्याही नाहीत. दोन दिवस त्या टेबलावर वाळत राहिल्या.

सोमवारी साडेसहाला मी शाळेत होते. गारठा इतका की किल्ली कुलपात जाईना. फाटकावरचा नोए, सत्तरीचा म्हातारा, शेकोटीपाशी हात चोळत म्हणाला, "आज लवकर, सेन्यो? परीक्षा तुमची आहे की पोरांची?"

"माझी," मी म्हटलं. त्याला तो विनोद वाटला.

मशीन सुरू केलं. माझ्या नावाने आत गेले. अधिकार होते अजून. नियमांचं पान उघडून ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसले. मोठी शूर म्हणून नाही सांगत. मला घरी म्हातारी आई आहे, भाऊ नाही, अठरा वर्षांनंतर दुसरीकडे कोण ठेवणार मला? आणि नाव माझंच जाणार होतं प्रत्येक फोनवर. लोक वाचणार काय, तर ओडिलिया त्सुल. चूक केली तेव्हा माझं नाव, दुरुस्त केली तरी माझंच नाव. वाचणाऱ्याला ह्यातला फरक कळेलच असं नाही.

सातला त्रान्सितोबाई आल्या. अंगावर सणाचं लुगडं, काखेत पिवळा डबा. त्यांच्यामागून लिक, हातात शाईची गादी.

"या, या त्रान्सितोबाई! बसा. सेन्यो, कागद आण आत."

"प्रिंटर गरम होतोय," मी म्हटलं.

ते दोघं आतल्या खोलीत गेले. दार उघडं होतं. मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. लिक म्हणत होते, "पोरीला शिकवलंत, मोठं काम केलंत. आता एवढं केलं की सुटलात." डबा उघडल्याचा आवाज आला. वरच्या पावत्या बाजूला काढल्याचा. "ह्या कशाला आणल्या? ह्यांची गरज नाही."

"असू दे," त्रान्सितोबाई म्हणाल्या. "जागेचा कागद तळाशी आहे."

मी "दोन आडनावे" वरची टिक काढली. "पालकाचा ओळखपत्र क्रमांक" वर केली. मशीनने विचारलं, खात्री आहे का. तीनशे बारा विद्यार्थ्यांची बाकी नव्याने मोजली जाईल. हा बदल मागे घेता येणार नाही.

मी होय म्हटलं.

हिरवी पट्टी सरकू लागली. दहा टक्के. बारा. कधी नव्हे ती इतकी हळू. पंखा घरघरत होता.

"सेन्यो! कागद!"

"आणते, लिक."

एकतीस. अडतीस. आतून शाईच्या गादीचं झाकण उघडल्याचा टक्क आवाज. "अंगठा तयार ठेवा, त्रान्सितोबाई. असा, नीट दाबा. पुरुषासारखा अंगठा आहे हो तुमचा!" ते स्वतःच हसले. पन्नास. सत्तर. मग लिकची खुर्ची सरकली, बुटांचा आवाज दाराकडे आला.

"काय करते आहेस?"

शंभर.

मी नाव टाकलं. डेल्फिना बात्स ताश. स्क्रीन पांढरी. बाकी: निरंक. मी छापा दिला आणि प्रिंटरने, देवाची कृपा, पहिल्या झटक्यात चिठ्ठी बाहेर टाकली. लिक टेबलाला वळसा घालून येईपर्यंत मी ती त्यांच्यामागोमाग बाहेर आलेल्या त्रान्सितोबाईंच्या हातात दिली होती. त्यांच्या काळ्या अंगठ्याचा ठसा चिठ्ठीच्या कोपऱ्यावर उमटला. कागदावर उमटायचा होता तो.

"हे घ्या. डेल्फिनाला द्या. तिसरा वर्ग, उजवीकडे. पळा."

"आणि तो कागद?"

"कुठलाच कागद नाही. तुम्ही काही लागत नाही. आता मशीनही तेच म्हणतंय."

त्या डबा छातीशी धरून गेल्या. धावल्या जवळजवळ.

लिक स्क्रीनकडे बघत उभे होते. चेहरा राखेसारखा. "तुला कळतंय का तू काय केलंस?"

"जानेवारीत कळलं नव्हतं," मी म्हटलं. "आज कळतंय."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. मग माझा. मग वऱ्हांड्यात शिक्षकांच्या खोलीत एक, दोन, पाच. त्यांचीही पोरं इथेच शिकतात. मग भिंतीपलीकडे रस्त्यावर. अंड्यातून पिल्लं फुटावीत तशी बारीक बारीक टिवटिव सगळ्या बाजूंनी. गावभर. *जानेवारीपासून आपण भरलेली रक्कम. ज्यांच्या नावे लागली होती. आता ज्यांच्या नावे. बदल करणार: ओडिलिया त्सुल.*

लिकचा फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी वाजतच राहिला. त्यांनी उचलला आणि कानापासून लांब धरला. रिगोबेर्तोशेठचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला. "तेरा हजार पाचशे? कुणाचे तेरा हजार पाचशे? आणि हे भट्टीवालीचं नाव कशाला पाठवलंय सगळ्या गावाला, लिक?" लिक आत गेले आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचाही आवाज आला.

आठची घंटा झाली. तिसऱ्या वर्गाच्या खिडकीतून मला डेल्फिनाची वेणी दिसत होती. पेन्सिल आता वेणीत नव्हती, हातात होती.

सव्वाआठला नोए आला. हसत नव्हता.

"सेन्यो, बाहेर माणसं आलीत."

मी फाटकाच्या फटीतून बघितलं. पंचवीस-तीस असतील. बोळातून आणखी येत होती. धोबीण होती, विहिरीजवळचा शिंपी होता, दुकानदार होता. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. बिस्किटांचा डबा, प्लास्टिकची पिशवी, रुमालाची गाठ. पावत्या. दहा महिन्यांच्या, माझ्या हातच्या. सगळ्यांत पुढे त्रान्सितोबाई उभ्या होत्या, अंगठा अजून काळा. शेठची एक बस चौकात आडवी लावलेली होती, इंजिन चालू, आत कोण ते काचेतून दिसत नव्हतं.

कुणी ओरडत नव्हतं. आमच्या गावात लोक ओरडत आले तर भ्यायचं काही नसतं, ओरडणारे दमतात आणि घरी जातात. गप्प येतात तेव्हा दुकानं पटापट बंद होतात. समोरच्या औषधवाल्याने शटर ओढलं, ते मी बघितलं.

काहींनी फोनवरून मान वर केली आणि फटीतून माझे डोळे ओळखले. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला वाचता आलं नाही. त्रान्सितोबाईंना अक्षर वाचता येत नाही, तसं.

"पोलिसांना बोलवू?" नोए कुजबुजला. "की मागच्या दाराने जाता? शेठच्या जमिनीतून वाट आहे."

"पेपर किती वाजेपर्यंत आहे?"

"दहा."

"मग दहापर्यंत फाटक उघडू नकोस. कुणासाठीही नाही. बसवाल्यासाठी नाही, लिकसाठी नाही. आत पोरं लिहितायत. दहाची घंटा झाली, वह्या जमा झाल्या, की उघड."

"आणि ते विचारतील, हे कुणी केलं म्हणून?"

"नाव वाचलंय त्यांनी," मी म्हटलं. "सांग, खिडकीतच बसलीय."

मी परत येऊन बसले. टेबलावर त्या चार शेका होत्या, दगडासारख्या. एक उचलली, गार कॉफीत बुडवली, आणि खायला लागले.